हात नेमका कुठे चुकतो? नजर आणि हात यांचा मेळ बसवणारी साधनं: अनुभव हवेत

रानजाई
मंडळी, जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात विचारलं की सगळीकडून ॲपची नावंच येतात.

आईला पाच महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला. बोलणं शाबूत आहे, चालणंही बऱ्यापैकी सावरलंय. पकड तर इतकी परत आलीये की तिने माझं मनगट धरलं तर सोडवून घ्यावं लागतं. पण समोरचा पेला उचलायला गेली की हात पेल्याच्या अलीकडेच थांबतो, नाहीतर बाजूने निघून जातो. पेला दिसत नाही म्हणावं, तर त्यावरची बारीक नक्षीसुद्धा ती सांगते. दाराची कडी, दिव्याचं बटण, चष्म्याची काडी, सगळीकडे हेच. दिवसभरात पंधरा-वीस वेळा चुकलं की दुपारनंतर ती हातच उचलत नाही. मला त्या न उचललेल्या हाताची जास्त भीती वाटते.

रिपोर्टवर 'नजर व हात समन्वय कमी' एवढं एकच वाक्य आहे. शोधायला बसले तर दिव्यांचे फळे, सेन्सरचे हातमोजे, डोळ्यांनी चालणारा संगणक, डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा व्हीआर गॉगल, काय काय निघालं. गॉगल आणलासुद्धा. वरून पडणारे रंगीत चेंडू झेलायचा खेळ होता. आईला दहा मिनिटांत गरगरायला लागलं, बसवावं लागलं. नंतर चारेक दिवस नेटाने खेळली, चेंडू जमायला लागले. पेला मात्र चुकतोच आहे.

यातलं कुणाला काय उपयोगी पडतं? वापरलेल्यांनी कृपया लिहा.

टिंब
रानजाई ताई, आईंना लवकर आराम पडो. माझ्या भावाला अपघातानंतर दिव्यांच्या फळ्याचा खूप फायदा झाला. त्याच्याकडे डायनाव्हिजन होतं. भिंतीवर उभा फळा, त्यावर ६४ दिवे, जो पेटेल तो हाताने दाबायचा. मिनिटाला किती झाले तो आकडा समोर दिसतो. कालच्यापेक्षा दोन जास्त झाले की पठ्ठ्या दिवसभर खूश असायचा. गॉगललाही इतक्या लवकर मोडीत काढू नका. चक्कर हळूहळू कमी होते.

अर्धविराम
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमायला मदत करते. बरीच वर्षं हेच काम करते. साधनाचं नाव लगेच सांगणार नाही, त्याबद्दल राग नसावा. 'समन्वय कमी' हे निदान नव्हे. 'गाडी चालत नाही' म्हणण्यासारखं ते आहे. पेट्रोल संपलंय की चाक पंक्चर आहे, ते आधी बघायला हवं.

वस्तूकडे हात जातो तेव्हा डोळा आधी तिथे पोचलेला असतो. १९९९ मध्ये मायकेल लँड आणि सहकाऱ्यांनी चहा करणाऱ्या माणसांची नजर टिपली, तेव्हा ती हाताच्या साधारण अर्धा सेकंद पुढे धावताना दिसली. हात वस्तूशी पोचेपर्यंत डोळा पुढच्या वस्तूवर निघालेलासुद्धा असतो. मग हाताची झेप. तिचा पहिला भाग निघण्याआधीच ठरलेला असतो आणि शेवटचे काही इंच नजरेच्या देखरेखीखाली दुरुस्त होत जातात. मानसशास्त्रज्ञ वुडवर्थने हे १८९९ मध्येच मांडलं होतं. यातली कुठलीही कडी निखळली तरी बाहेरून दिसतं एकच, हात चुकला.

म्हणून काही गोष्टी घरी नीट बघा आणि लिहून ठेवा. हात निघतो बरोबर, पण वस्तूजवळ पोचता पोचता जास्त जास्त हलायला लागतो का? तसं असेल तर लहान मेंदूकडे संशय जातो. एक डोळा झाकला की नेम सुधारतो का? सुधारत असेल तर दोन प्रतिमा दिसत असण्याची शक्यता आहे. मग हाताचे व्यायाम कितीही करा, आधी डोळ्यांचे डॉक्टर लागतील. ठरावीक एकाच बाजूच्या वस्तू सुटतात का, म्हणजे त्या बाजूचं दिसतच नाही किंवा तिकडे लक्षच जात नाही? डोळे मिटून स्वतःच्या नाकाला बोट बरोबर लावता येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेल्याकडे थेट टक लावून हात नेला तर, आणि नजर दुसरीकडे ठेवून नेला तर, यात काही फरक पडतो का?

शेवटच्या प्रश्नाचं कारण सांगते. मेंदूच्या मागच्या वरच्या भागाला, म्हणजे पॅरायटल लोबला इजा झाली तर वस्तू ओळखता येते, तिचं वर्णन करता येतं, हातात ताकदही असते, पण हात तिथे पोचत नाही. हंगेरीच्या रेझ्यो बालिंट यांनी १९०९ मध्ये असा रुग्ण नोंदवला. याला ऑप्टिक ॲटॅक्सिया म्हणतात. पुढे १९९२ मध्ये गुडेल आणि मिल्नर यांनी मांडलं की 'हे काय आहे' आणि 'याच्यापर्यंत हात कसा न्यायचा' यासाठी मेंदूत दृष्टीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. त्यांची डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी रुग्ण बरोब्बर उलटी होती. फट उभी आहे की तिरकी हे तिला सांगता येत नसे, पण हातात पत्र दिलं तर ती ते फटीत नीट वळवून टाकत असे. तुमच्या आई नक्षी सांगतात आणि पेला चुकवतात हे वाचून मला हे आठवलं. मी इथे बसून निदान करत नाहीये. न्यूरॉलॉजिस्टना हेच शब्दात सांगा.

उंबरठा
माझी अडचण वेगळी आहे, पण धाग्यात बसेल असं वाटतं. मला इसेन्शियल ट्रेमर आहे. हात मांडीवर असेल तर शांत, काही करायला घेतलं की थरथरतो. वस्तू चुकत नाही. हात जायचा तिथेच जातो, पण थरथरत जातो.

थरथर मारणारा इलेक्ट्रॉनिक चमचा तीन वर्षं वापरतोय. अनुपम पाठक यांच्या लिफ्ट लॅब्जने तो बनवला आणि २०१४ मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली. दांड्यातला सेन्सर थरथर ओळखतो आणि आतल्या छोट्या मोटारी चमच्याचं टोक उलट दिशेला हलवतात. हात हलत राहतो, टोक बऱ्यापैकी स्थिर राहतं. चारचौघांत जेवायला बसणं मी सोडून दिलं होतं. ते या चमच्यामुळे परत सुरू झालं, म्हणून मी त्याचा ऋणी आहे.

पण रानजाई, तुमच्या आईंसाठी हा घेऊ नका. तो थरथर मारतो, दिशा दुरुस्त करत नाही. हात मुळातच अलीकडे थांबला तर चमचाही अलीकडेच थांबणार.

आणि एक, सगळ्यांसाठी. मला सर्वांत जास्त उपयोग बिनपैशाच्या युक्तीचा झाला. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची आणि मनगट अंगाजवळ ठेवायचं. आधार मिळाला की हलायला जागाच कमी उरते. वजनदार पेन काहींना मानवतं, मला नाही मानवलं. अर्ध्या पानात हात भरून येई.

कंपास
मी सॉफ्टवेअरमधल्या ॲक्सेसिबिलिटीवर, म्हणजे हात-डोळे नीट चालत नसलेल्यांनाही ते वापरता यावं यावर, काम करतो. अर्धविराम यांची पोस्ट जपून ठेवावी अशी आहे. मी फक्त पडद्याबद्दल लिहितो, कारण हात चुकणाऱ्या माणसाला फोन ही रोजची परीक्षा असते आणि त्यातली बरीच सोय फोनमध्ये आधीपासूनच असते. ती चालू कशी करायची हे कुणी सांगत नाही.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टच, आणि त्यात टच अकोमोडेशन्स. 'होल्ड ड्युरेशन'ने बोट ठरावीक वेळ टेकल्याशिवाय फोन त्याची दखलच घेत नाही, त्यामुळे ओझरते धक्के वाया जातात. 'इग्नोर रिपीट'ने एकाच ठिकाणी लागोपाठ पडलेले टॅप एकच धरले जातात. थरथरणाऱ्या हातांसाठी हे फार कामाचं. पण रानजाई, तुम्ही बघायचं ते 'टॅप असिस्टन्स', आणि त्यात बोट उचललं ती जागा धरण्याचा पर्याय. बोट कुठे टेकलं याला मग महत्त्व राहत नाही. चुकीच्या जागी टेकलं तरी न उचलता सरकवत बटणापर्यंत न्यायचं आणि तिथे उचलायचं. म्हणजे हवेतली झेप चुकली तरी काचेवरून घसरत जाऊन दुरुस्त करायची सवड मिळते. अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे नावं बदलतात, पण दाबून धरण्याचा वेळ वाढवायची सोय असते. काही फोनवर पुन्हा पुन्हा पडलेले स्पर्श गाळताही येतात.

विंडोजवर उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज (ओझरते किंवा पुन्हा पुन्हा पडलेले दाब गाळणारी सोय) चालू करायचं विचारतं, आणि पाच वेळा शिफ्ट दाबली की स्टिकी कीज (एकत्र दाबायच्या कळा एकेक करून दाबायची सोय). पुष्कळांना हे चुकून सुरू झालेलं माहीत असतं. ते कुणासाठी केलंय, हे ठाऊक नसतं.

कळफलकावर बसवायची छिद्रांची पाटी मिळते, तिला कीगार्ड म्हणतात. प्रत्येक कळीवर एक छिद्र. हात पाटीवर टेकवून सरकवायचा आणि हव्या त्या छिद्रात बोट घालायचं. शेजारची कळ दाबलीच जात नाही. विजेचा संबंध नाही, बिघडायला काही नाही. मला हे साधन फार आवडतं.

आणखी एक साधं गणित. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. मग हाताला शिकवत बसण्याआधी लक्ष्य मोठं करा, जवळ आणा. फोनवरची चिन्हं मोठी करा, एका पडद्यावर सहाच ठेवा. घरातल्या वस्तूंनाही हेच लागू आहे. रुंद बुडाचा पेला, मोठं बटण, लांब दांड्याची कडी.

टिंब
कंपास, माहिती उत्तम आहे. पण लक्ष्य मोठं करत गेलात तर हात कधी शिकणार? ही तर कुबडी झाली. माझा भाऊ खेळत खेळतच सुधारला. रोज तासभर व्हीआर करायचा. आजच्या काळात मेंदूला नवीन वाटा पाडता येतात, मग आधीच हार का मानायची?

अर्धविराम
टिंब, तुमच्या भावाचा तासभराचा नेम खरा, आणि मला वाटतं सुधारणेचं बरंचसं श्रेय त्या तासालाच आहे. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये स्ट्रोकनंतरच्या व्हीआरवर आढावा घेतला. ७२ चाचण्या, २४७० माणसं. नेहमीच्या उपचाराऐवजी व्हीआर दिलं तर हाताच्या कामात ते सरस ठरलं नाही. नेहमीच्या उपचारात भर म्हणून दिलं, म्हणजे एकूण सरावाचा वेळ वाढला, तेव्हा फायदा दिसला. तेव्हा गॉगल वाईट मुळीच नाही. एरवी सरावाला कंटाळणारा माणूस त्यामुळे तासभर हात हलवत असेल तर मी स्वतः सांगेन, जरूर वापरा.

पण रानजाईंनी स्वतःच लिहिलंय की चेंडू जमले आणि पेला नाही जमला. त्या खेळातल्या चेंडूला वजन नाही, कड नाही, तो बोटांना लागतही नाही. पेला धरताना बोटं किती उघडायची, कधी मिटायची, हे पेल्यापाशीच शिकायला मिळतं. जे काम जमायला हवं त्याचाच सराव, जमेल इतका सोपा करून. सुरुवातीला मोठं लक्ष्य, जमलं की लहान, मग लांब. कंपास सांगतात ती युक्ती मी रोज शिडीच्या पायऱ्यांसारखी वापरते. कुबडी म्हणालात म्हणून सांगते, मोडक्या पायाने कुबडी घेऊन चालणारा माणूस चालत असतो.

हात स्वतः हलायला हवा, हेही तितकंच खरं. हेल्ड आणि हाइन यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिल्लांच्या जोड्या केल्या होत्या. एक पिल्लू स्वतः चालायचं आणि दुसरं त्याच दांड्याला टांगलेल्या पाळण्यात बसून फिरायचं. दोघांना दिसायचं सारखंच. पण पृष्ठभाग जवळ आला की पंजा पुढे टाकणं चालणाऱ्यालाच जमलं, पाळण्यातल्याला नाही. म्हणून आईंचा हात धरून पेल्यापर्यंत नेऊन ठेवत असाल, रानजाई, तर ते हळूहळू कमी करा. मायेपोटी होतं ते, मला कळतं.

पाऊलवाट
मुलांचा विषय निघाला नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला डीसीडी आहे, म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, वाढीच्या वयात हालचालींचा मेळ नीट न बसणं. शाळेच्या वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांत आढळतो असं म्हणतात, आणि तरी आम्हाला सात वर्षं 'वेंधळा आहे', 'लक्ष देत नाही' हेच ऐकावं लागलं. एका शिक्षिकेने सगळ्या वर्गासमोर त्याची वही उंच धरून दाखवली होती. शिरोरेषा वाकडी, अक्षरं खाली घसरलेली. त्यानंतर कित्येक महिने त्याने घरात पेन्सिल हातात घेतली नाही. ते दिवस आठवले की अजून पोटात तुटतं.

काय उपयोगी पडलं ते सांगते. वहीखाली उतरती पाटी, म्हणजे मनगट टेकतं आणि कागद नजरेसमोर येतो. उठावाच्या रेघांचा कागद, रेघ ओलांडली की बोटाला कळतं. कागद सरकू नये म्हणून खाली न घसरणारी चटई. ही तीन साधनं रोज वापरात आहेत. महागाचा टॅबलेट कपाटात आहे.

चेंडू झेलण्यासाठी आमच्या थेरपिस्टने नजरेचा सराव घेतला. आधी फेकणाऱ्याच्या हातावर नजर स्थिर, मग चेंडू हातात येईपर्यंत चेंडूवरच. जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास करून 'क्वाएट आय', म्हणजे हालचालीआधी नजर एका जागी स्थिर ठेवणं, ही कल्पना मांडली, त्यातूनच हे पुढे मुलांपर्यंत आलं. त्याआधी आम्ही सतत 'हात पुढे कर, हात पुढे कर' ओरडत होतो. हाताला कुणी ओरडू नये हो. डोळा वेळेवर पोचला की हात पुष्कळदा आपणहून जातो.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बघून लिहिते आहे.

शेवटी थरथर वाढत नाही. एक डोळा झाकून काही फरक नाही. नाकाला बोट डोळे मिटूनही अचूक लागतं, आईला हसूच आलं. पण नजरेचा प्रश्न विचारलात तो नेमका लागला. पेल्याकडे टक लावून हात नेला तर दहापैकी सहा वेळा जमतं. माझ्याकडे बघत बोलता बोलता नेला तर दहापैकी एकदा. आणि ती दिवसभर नेमकं तेच करत असते, बोलता बोलता हात पुढे करते, जसा आयुष्यभर केला तसा. मला पाच महिने हे दिसलं नव्हतं. आम्ही हाताकडेच बघत होतो.

पाऊलवाट, तुमचं वाचून डोळे भरून आले. बाळाला माझा आशीर्वाद.

अर्धविराम
हे सगळं असंच्या असं न्यूरॉलॉजिस्टना वाचून दाखवा. ऑप्टिक ॲटॅक्सियात नजरेच्या कडेला असलेल्या वस्तू जास्त चुकतात, त्यामुळे तुमची नोंद त्यांच्या फार कामाची आहे.

तोवर घरी करण्यासारखं लिहिते. 'आधी बघ, थांब, मग हात' हे आईंनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, तुम्ही नाही. बोलणं आणि उचलणं एकाच वेळी नको. टेबल जवळजवळ रिकामं ठेवा, गर्दीत हात जास्त भरकटतो. पेला आणि टेबल यांचे रंग ठसठशीत वेगळे हवेत. पेल्याखाली न घसरणारी चटई ठेवा, म्हणजे हात आपटला तरी सांडणार नाही आणि धीर खचणार नाही. आणि मुख्य म्हणजे हवेतून झेप घेऊ नका. हात टेबलाच्या कडेला टेकवा, तिथून पृष्ठभागावर सरकवत न्या, बोटांना पेला लागेपर्यंत. त्यांचा स्पर्श आणि हाताच्या जागेची जाण शाबूत दिसतेय, नाकावरून कळलंच. मग नजरेला तिची सोबत द्या. कंपास यांनी सांगितलेलं काचेवरून बोट सरकवणंही याच जातीचं.

प्रिझमच्या चष्म्याचं कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहिते. त्या चष्म्याने सगळं एका बाजूला सरकलेलं दिसतं, हात आधी चुकतो, मग जुळवून घेतो, आणि चष्मा काढल्यावर काही काळ उलट बाजूला चुकतो. रोसेटी यांच्या गटाने १९९८ मध्ये एका बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्या रुग्णांवर उजवीकडे १० अंश सरकवणारा चष्मा वापरला आणि सुधारणा निदान दोन तास टिकली. नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि तुमच्या आईंचा त्रास तो दिसत नाही. स्वतःहून आणू नका.

प्रगती मोजायला दिव्यांचा फळा लागत नाही. एका डब्यातले लाकडी ठोकळे मधली भिंत ओलांडून दुसऱ्या डब्यात एका मिनिटात किती जातात, हे आम्ही दवाखान्यात मोजतो. घरी आठवड्यातून एकदा मोजा. रोज नको, रोजच्या आकड्यांनी जीव वरखाली होतो.

कंपास
साधनं कपाटात का जातात यावर एक भर. फिलिप्स आणि झाओ यांनी १९९३ मध्ये २२७ प्रौढांची पाहणी केली, त्यांनी सांगितलेल्या साधनांपैकी २९.३ टक्के सोडून दिलेली निघाली. कारणांत ठळक होतं ते हे की साधन निवडताना वापरणाऱ्याचं मत विचारात घेतलं नव्हतं. रानजाई, आईंना काय उचलायचंय, हे त्यांना विचारलंय का?

रानजाई
कंपास, नव्हतं विचारलं. त्या दिवशी विचारलं.

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. न्यूरॉलॉजिस्टनी ऑप्टिक ॲटॅक्सियाच सांगितलं, थेरपी त्याप्रमाणे बदलली. घरी टेबलावर गडद निळी चटई, पांढरा रुंद पेला. आई टेबलाच्या कडेला अंगठा लावते आणि हात सरकवत नेते. हे अंगठ्याचं तिचं स्वतःचं, कुणी शिकवलेलं नाही. बघून केलं तर आता दहापैकी नऊ वेळा जमतं. बोलता बोलता केलं तर अजूनही चुकते, पण मग स्वतःच 'थांब' म्हणते आणि परत बघते. ठोकळे १४ वरून २३ वर गेलेत. फोनवर ते बोट सरकवून उचलायचं चालू करून दिलं, तर तिने मावशीला स्वतः फोन लावला. मी दुसऱ्या खोलीत होते. तिचा आवाज ऐकून मला आधी वाटलं, कोणी आलंय.

गॉगल भाच्याला दिला. तो खूश.

तर आईला काय हवंय? तिला शिवायचंय. सुईत दोरा ओवायचाय. मी म्हटलं मी ओवून देते, तर म्हणाली, तू पेलाही उचलून देत होतीस. आता यासाठी काही आहे का?

उंबरठा
आहे. एका बाजूला फट असलेली सुई मिळते, दोरा वरून दाबला की आत जातो, भोक शोधावंच लागत नाही. माझी त्याच सुईवर भिस्त आहे. सुई हातात धरू नका, स्पंजच्या तुकड्यात उभी खोचा, म्हणजे एकच गोष्ट हलेल. कोपरं टेबलावर टेकवा.

अर्धविराम
उंबरठांना अनुमोदन. स्पंज गडद रंगाचा घ्या आणि दोरा पांढरा. टेबलाला अडकवायचं भिंग मिळतं, ते लावा, दोन्ही हात मोकळे राहतील. पहिल्या दिवशी जाड सुई, जाड दोरा, आणि त्या वेळी तुम्ही खोलीत असलात तरी बोलू नका.

रानजाई
स्पंज निळा मिळाला. उद्या सकाळी बसतोय.